कॅमेऱ्याची चौकट आणि भिंग



छायाचित्रणाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा छायाचित्रकारांचीं व त्यांच्या चित्रांचीं नांवें घेतों. ज्या वस्तूवर प्रकाश पडून चित्र उमटतें, त्या वस्तूच्या लांबीरुंदीकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. सन १८३९ मध्यें ही वस्तु म्हणजे साडेआठ इंच लांब व साडेसहा इंच रुंद असा, चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा होता. आज आपल्या खिशांतील फोनमध्यें तीच वस्तु नखाएवढा किंवा त्याहूनहि लहान असा सिलिकनचा तुकडा आहे. ह्या दोन टोंकांमध्यें एकशें ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं. चौकट जसजशी आकसत गेली, तसतसें भिंगाचें काम कसें बदललें, चित्राला काय लाभलें आणि काय गमवावें लागलें, ह्याचा आज विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ कारागिरांचा नाहीं. दुकानांत कॅमेरा किंवा फोन घेतांना आपणांस एकच आंकडा मोठ्यानें सांगण्यांत येतो, तो म्हणजे चित्रांतील ठिपक्यांचा, मेगापिक्सेलचा. त्या आंकड्यावर भरंवसा ठेवून आपण बारशाचीं, लग्नाचीं, घरांतील वडीलधाऱ्यांचीं जीं चित्रें घेतों, तीं पुन्हां घेण्याचा प्रसंग येत नाहीं. तेव्हां ह्या आंकड्याच्या मागें काय आहे, हें समजून घेणें प्रत्येकाच्या हिताचें आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहूं. दुपारच्या वेळीं खोलीचीं दारें मिटून एकच खिडकी उघडी ठेवावी, आणि समोरच्या भिंतीजवळ एक साधें बहिर्गोल भिंग धरावें. भिंत व भिंग ह्यांतील अंतर जुळतांच खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाचें उलटें, रंगीत चित्र भिंतीवर उमटतें. हें अंतर म्हणजेच भिंगाचें नाभ्यंतर. शाळेंत विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग मीं अनेक वर्षें मुलांना दाखविला आहे. त्यांत दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक अशी कीं, नाभ्यंतर जितकें जास्त, तितकें भिंतीवरील चित्र मोठें. दुसरी अशी कीं, चित्र मध्यभागीं स्पष्ट असलें तरी कडेकडेला तें पुसट होत जातें. भिंग आपलें चित्र नेहमीं एका वर्तुळांतच टाकतें. कॅमेऱ्याची चौकट त्या वर्तुळाच्या आंत बसली पाहिजे.

सर्वसाधारण दृश्यासाठीं भिंगाचें नाभ्यंतर चौकटीच्या कर्णाएवढें किंवा त्याहून थोडें अधिक धरतात. चौकट वाढविली कीं कर्ण वाढतो. कर्ण वाढला कीं नाभ्यंतर वाढवावें लागतें. आणि नाभ्यंतर वाढलें कीं चित्राचा उजेड कायम राखण्यासाठीं भिंगाचा व्यासहि त्याच प्रमाणांत वाढवावा लागतो. व्यास हा नाभ्यंतराचा कितवा हिस्सा आहे, हें सांगण्यासाठीं एफ/४, एफ/८ असे आंकडे वापरण्याची चाल आहे. एफ/४ म्हणजे चौथा हिस्सा, एफ/८ म्हणजे आठवा. आंकडा लहान तर छिद्र मोठें, हें येथें लक्षांत ठेवावें.

पॅरिसच्या लुई दागेरनें १८३९ सालीं आपली युक्ति जगापुढें ठेविली, तेव्हां त्याच्या कॅमेऱ्याला शेव्हालिए नांवाच्या भिंगकारानें केलेलें भिंग होतें. मोठ्या पत्र्याच्या कडेपर्यंत चित्र नीट यावें म्हणून त्याचें छिद्र फार लहान, सुमारें एफ/१५ ठेवावें लागे. परिणामीं लख्ख उन्हांतहि कित्येक मिनिटें प्रकाश द्यावा लागे. इमारती तेवढ्या धीरानें उभ्या राहत. माणसांना तें कसें जमावें? चित्र काढवून घेणाऱ्याची मान मागून लोखंडी चिमट्यांत धरून ठेवीत असत. लहान मुलाचें चित्र निघणें जवळ जवळ अशक्यच होतें.

ह्या अडचणींतून वाट काढली ती व्हिएन्ना विद्यापीठांतील गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल ह्यानें. भिंगें घांसून, लावून, पुन्हां घांसून पाहण्याची जुनी रीत सोडून त्यानें आधीं कागदावर गणित मांडलें. हें गणित इतकें किचकट होतें कीं, आर्चड्यूक लुडविग ह्यानें तोफखान्यांतील आंकडेमोडींत तरबेज असलेलीं माणसें त्याच्या मदतीस दिलीं. १८४० मध्यें तयार झालेलें हें भिंग सुमारें एफ/३.६ चें होतें, म्हणजे जुन्या भिंगाच्या जवळ जवळ सतरा पट उजेड तें पत्र्यावर टाकीत असे. मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. परंतु ह्या लाभाची किंमत होती. चित्र मध्यभागीं अतिशय रेखीव येई, आणि कडेला मात्र विरून जाई. म्हणून फोइग्टलेंडर कारखान्यानें १८४१ सालीं ह्या भिंगासाठीं जो पितळी कॅमेरा केला, त्यांतील चित्र अवघ्या आठ सेंटिमीटर व्यासाचें, वाटोळें असे. भिंगाचें तोंड मोठें हवें असेल तर चौकट लहान करावी, हा पहिला धडा तेथें मिळाला.

तरीहि पुढील पन्नास वर्षें मोठ्या प्लेटा मागें हटल्या नाहींत, ह्याचें कारण छपाईंत होतें. त्या काळीं कांचेची प्लेट कागदावर ठेवून उन्हांत छाप काढीत. जेवढी प्लेट, तेवढेंच चित्र. मोठें चित्र पाहिजे तर मोठी प्लेट, मोठा कॅमेरा व तो वाहणारीं माणसें हीं सर्व आलींच. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हां हौशी मंडळींपुढेंहि हाच खटाटोप होता. सॅम्युएल बोर्न ह्या इंग्रज छायाचित्रकारानें १८६३ ते १८६६ ह्या काळांत हिमालयांत ज्या सफरी केल्या, त्यांत बारा इंच बाय दहा इंचांच्या कांचा, रसायनें आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू वाहण्यासाठीं त्याला हमालांचा तांडाच बरोबर न्यावा लागला. पण त्याचीं चित्रें आज पाहतांना डोंगरावरील एकेक वृक्ष वेगळा दिसतो. छाप काढतांना चित्र मोठें करावें लागत नसल्यामुळें भिंगाचे बारीकसारीक दोष डोळ्यांना दिसतच नाहींत.

येथें प्रकाशाचा एक स्वभावधर्म सांगणें अवश्य आहे. छिद्र फार लहान केलें म्हणजे प्रकाश त्याच्या कडांशीं वळतो, आणि चित्रांतील प्रत्येक बिंदूची एक लहानशी चकती होते. इंग्रज ज्योतिषी एअरी ह्यानें १८३५ मध्यें ह्या चकतीचें गणित मांडलें. हिरव्या प्रकाशासाठीं एफ/६४ ह्या अगदीं बारीक छिद्राशीं ती चकती सुमारें ०.०८६ मिलिमीटर व्यासाची होते. दहा इंच बाय आठ इंचांच्या प्लेटेवरून सरळ छाप काढला तर ती कोणाला दिसणार? म्हणूनच कॅलिफोर्नियांत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन इत्यादि छायाचित्रकारांनीं १९३२ सालीं आपल्या मंडळाला ‘एफ/६४’ हेंच नांव दिलें. पायाजवळच्या खडकापासून दूरच्या शिखरापर्यंत सारें रेखीव यावें, हा त्यांचा आग्रह होता, व मोठ्या प्लेटेवर तो ह्या छिद्रानेंच पुरा होई. हेंच छिद्र लहान चौकटीवर वापरून चित्र दहा पट मोठें केलें, तर चकतीहि दहा पट मोठी होऊन जवळ जवळ एक मिलिमीटरची होईल, आणि चित्र धुक्यांत बुडाल्यासारखें दिसेल. लहान चौकटीला मोठें छिद्रच वापरावें लागतें; आणि मोठ्या छिद्राशीं भिंगाचे सारे दोष उघडे पडतात. चौकट लहान झाली म्हणजे भिंगकाराचें काम हलकें होतें ही समजूत अर्धीच खरी आहे. भिंगाचें वजन उतरतें, परंतु त्याच्याकडून मागितला जाणारा नेमकेपणा वाढतो.

हा नेमकेपणा येण्यास चांगली कांच लागते. जर्मनींतील येना गांवीं अर्न्स्ट आबे व ओटो शॉट ह्यांनीं १८८४ मध्यें कांचेचा कारखाना काढून नव्या गुणधर्मांच्या कांचा तयार केल्या. तेथील झाइस कारखान्यांत पाउल रुडॉल्फ ह्यानें १८९० मध्यें कडेपर्यंत सपाट व रेखीव चित्र देणारें भिंग रचलें आणि १९०२ मध्यें चार कांचांचें प्रसिद्ध ‘टेसार’ भिंग सिद्ध केलें.

इकडे अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत डिक्सन ह्यानें चलत्‌चित्रांसाठीं ३५ मिलिमीटर रुंदीची फीत ठरविली होती. तिच्यावरील एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरांचें. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणून ‘राजा हरिश्चंद्र’ घेतला, तो ह्याच रुंदीच्या फितीवर. जर्मनींत वेट्झलार येथील लाइट्झच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ऑस्कर बारनाक नांवाचा एक यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार होता. प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणें त्याला सोसत नसे. त्यानें १९१४ च्या सुमारास चित्रपटाची फीत आडवी धरून, दोन चित्रांची जागा एकत्र करून २४ बाय ३६ मिलिमीटरांची चौकट केली, व खिशांत मावेल असा कॅमेरा घडविला.

आतां पुन्हां भिंगाचा प्रश्न आला. चित्रपटाच्या चौकटीचा कर्ण ३० मिलिमीटर; बारनाकच्या चौकटीचा ४३. चित्रपटाचीं भिंगें कोपऱ्यांपर्यंत नीट पोंचेनात. त्याच कारखान्यांतील माक्स बेरेक ह्यानें नवीं गणितें करून ५० मिलिमीटर नाभ्यंतराचें, एफ/३.५ चें भिंग रचलें. लहान निगेटिव्हवरून मोठें चित्र करावयाचें, ही त्यामागील प्रतिज्ञा होती. २४ बाय ३६ सेंटिमीटरांचा छाप करावयाचा तर लांबीरुंदी दहा पट आणि क्षेत्र शंभर पट वाढतें. धुळीचा कण, फिल्मचा रवा, भिंगाची चूक, सर्व दहा पट. जर्मनी चलनाच्या आपत्तींतून नुकताच सावरत असतां, १९२४ मध्यें कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ ह्यांनीं हा कॅमेरा बाजारांत आणण्याचा निर्णय घेतला. १९२५ च्या लाइप्झिगच्या जत्रेंत ‘लायका’ लोकांपुढें आला.

त्याचें फळ आपल्या देशानेंहि पाहिलें आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्माजींना भेटला. त्यानंतर थोड्याच वेळांत त्यांचा वध झाला. अंत्ययात्रेच्या त्या अलोट गर्दींत, झाडांवर व खांबांवर चढलेल्या माणसांत तो हिंडला व चित्रें घेत राहिला. तिकाटणें व काळें फडकें घेऊन तें काम होण्यासारखें नव्हतें. प्लेटेचा सूक्ष्म तपशील त्या चित्रांत नसेल. पण तो क्षण त्यांत आहे. चौकट लहान झाल्यामुळें काय मिळालें, ह्याचें ह्याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

नंतर विजेचें युग आलें. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बॉइल व स्मिथ ह्यांनीं सीसीडी हें सिलिकनचें साधन शोधलें. २००९ सालीं त्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. १९७५ मध्यें कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन ह्यानें त्यावर जो पहिला कॅमेरा जुळविला, त्याच्या चित्रांत शंभर रांगांत शंभर, असे दहा हजारच ठिपके होते, व एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. ह्या सिलिकनच्या तुकड्यालाच आज सेन्सर म्हणतात. तो मोठा करणें फार महाग पडतें. विणतांना जागोजाग धागा तुटलेल्या ठाणांतून रुमाल कापले तर थोडेसे रुमाल वायां जातात. धोतरें कापलीं तर बहुतेक प्रत्येकांत एखादें भोंक निघतेंच. सिलिकनच्या चकतीची गोष्ट तशीच आहे.

म्हणून आरंभीचे सेन्सर लहान होते, आणि लोकांजवळचीं भिंगें मात्र २४ बाय ३६ च्या चौकटीसाठीं रचलेलीं होतीं. १९९५ मध्यें निकॉन व फुजी ह्यांनीं मिळून एक कॅमेरा काढला; त्यांत मोठ्या चौकटीचें चित्र आणखी भिंगें घालून लहान सेन्सरवर आकसून आणलें होतें. युक्ति चतुर, पण कॅमेऱ्याचें धड त्यामुळें जाडजूड झालें. १९९९ च्या निकॉन डी-१ मध्यें २३.७ बाय १५.६ मिलिमीटरांचा सेन्सर आला. आतां जुन्या भिंगाच्या वर्तुळाचा मधला भागच उपयोगांत येऊं लागला. ५० मिलिमीटरचें भिंग ७५ सारखें दिसूं लागलें. रुंद दृश्याचें २८ चें भिंग ४२ सारखें. रुंद दृश्यासाठीं १८ मिलिमीटरसारखीं आंखूड भिंगें रचणें भाग पडलें, आणि तेथें आरसा आडवा आला. अशा कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें तिरका आरसा हालत असतो. निकॉनमध्यें भिंगाची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर दूर असते. १८ मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगानें तितक्या दुरून चित्र टाकावें म्हणून पुढें मोठें अंतर्गोल भिंग बसवावें लागतें. फ्रान्समध्यें आंजेनिएनें १९५० मध्यें ही तोड काढली होती. तिनें भिंगाची लांबी, वजन व किंमत हीं तिन्ही वाढतात. २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे निघूं लागले, तेव्हां ही अडचण पुष्कळ कमी झाली.

दुसरी अडचण तिरप्या किरणांची. फिल्मला प्रकाश कोणत्याहि कोनांतून आला तरी चालतो. सेन्सरचा प्रत्येक ठिपका मात्र खोल विहिरीसारखा असतो. माध्यान्हींचा सूर्य विहिरीच्या पाण्यावर पडतो, सकाळचा कांठावरच अडतो. लायकाचीं जुनीं आंखूड भिंगें फिल्मच्या अगदीं जवळ बसत, त्यामुळें कोपऱ्यांकडे किरण फार तिरपे जात. २००६ च्या लायका एम-८ मध्यें म्हणूनच सेन्सर २७ बाय १८ मिलिमीटरांचा ठेवून, त्याच्या कडेच्या ठिपक्यांवरील सूक्ष्म भिंगें मुद्दाम सरकवून बसविलीं होतीं. बारनाकची पुरी चौकट त्या घराण्यांत २००९ मध्यें, एम-९ बरोबर परत आली.

आतां चित्राच्या गुणाचा विचार करूं. पावसाची भुरभुर चालली असतां अंगणांत एक वाटी व एक परात ठेवावी. थेंब कोठें पडेल ह्याचा नेम नाहीं, म्हणून शेजारशेजारच्या दोन वाट्यांत पाणी सारखें भरत नाहीं. दोन परातींत मात्र तें जवळ जवळ सारखें भरतें. प्रकाशहि असाच कणाकणांनीं येतो. एका ठिपक्यावर शंभर कण अपेक्षित असतील तर दहांचा इकडेतिकडे फरक पडतो, म्हणजे दहावा हिस्सा. दहा हजार असतील तर शंभरांचा, म्हणजे शंभरावा हिस्सा. अंधारांत घेतलेल्या चित्रांत जी खसखस पसरल्यासारखी दिसते, तिचें मुख्य कारण हें आहे. २४ बाय ३६ च्या चौकटीचें क्षेत्र ८६४ चौरस मिलिमीटर. खिशांतल्या साध्या कॅमेऱ्यांत ६.२ बाय ४.६ चा जो सेन्सर असे, त्याचें अवघें २८. म्हणजे एफ-आंकडा तोच असतां तीस पट कमी प्रकाश. त्या २८ चौरस मिलिमीटरांत ठिपके दुप्पट केले म्हणून पाऊस दुप्पट पडत नाहीं. परात मोडून वाट्या मात्र अधिक होतात.

मापांच्या नांवांतहि एक गंमत आहे. ज्याला बाजारांत ‘एक इंची’ सेन्सर म्हणतात, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरांचा, म्हणजे कर्णानें सोळा मिलिमीटरांचा असतो. खरा इंच साडेपंचवीस मिलिमीटरांच्या जवळपास. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांत कांचेची नळी असे. तिचा बाहेरचा व्यास एक इंच असला कीं आंतील चित्र एवढें येई. नळी गेली, पण तिचा इंच राहिला. गिऱ्हाइकानें मिलिमीटर विचारावे हें बरें.

ह्याचा अर्थ फोनचा कॅमेरा कुचकामाचा, असा मुळींच नव्हे. त्याचें भिंग चार-पांच मिलिमीटर नाभ्यंतराचें, साच्यांत ओतलेल्या प्लॅस्टिकच्या अनेक वक्र पापुद्र्यांचें असतें. एवढ्या लहान आकारांत असा काटेकोरपणा पूर्वींच्या भिंगकारांना स्वप्नांतहि दिसला नसता. सहा मिलिमीटर कर्णाच्या सेन्सरपुढें एफ/२ चें भिंग दृश्याची खोली दाखविण्याच्या बाबतींत मोठ्या कॅमेऱ्याच्या एफ/१४ सारखें वागतें. म्हणून जवळचें व दूरचें सारेंच स्पष्ट येतें. कागदपत्र, सातबारा, फळ्यावरचा मजकूर उतरून घेण्यास ह्याहून सोईचें साधन नाहीं. उजेड कमी असला तर फोन एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांची बेरीज करतो, आणि खसखस बरीच निवळते. पण हें हिशेबानें भरून काढलेलें असतें, भिंगानें आणलेलें नसतें. हा भेद केव्हां जाणवतो, तें सांगतों.

गांवोगांवच्या स्टुडिओंत कोणी दुःखांत असलेला मनुष्य येतो आणि फोनवरचें एखादें घोळक्याचें चित्र पुढें करतो. घरांतील माणूस गेलेलें असतें. भिंतीवर लावावयास त्याचा दुसरा फोटो नसतो. त्या घोळक्यांतून तेवढा चेहरा मोठा करून पाहिजे असतो. एका रांगेंत चौदा माणसें असतील, तर जुन्या साडेआठ इंची प्लेटेवर प्रत्येकाचा चेहरा सुमारें सहा मिलिमीटरांचा पडे. २४ बाय ३६ च्या फिल्मवर एक मिलिमीटरचा. आणि पांच मिलिमीटरहि रुंद नसलेल्या सेन्सरवर सुमारें दीड दशांश मिलिमीटरचा, म्हणजे दोन केसांच्या जाडीचा. दहा सेंटिमीटरांचा चेहरा करावयाचा तर प्लेट सतरा पट वाढवावी लागेल, फिल्म शंभर पट, आणि हा सेन्सर सातशें पट. जें चित्रांत उतरलेंच नाहीं, तें वाढवून कोठून येणार? आजचीं यंत्रें त्या जागीं डोळे, भुवया, सुरकुत्या अदमासानें घालतात. चेहरा गुळगुळीत व सुरेख होतो. पण घरचीं माणसें त्याकडे पाहतात आणि गप्प होतात.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे. कॅमेरा घेतांना ठिपक्यांच्या आंकड्याआधीं तीन प्रश्न विचारावे : सेन्सर किती मिलिमीटरांचा आहे, त्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोंचणारें भिंग पुढें आहे काय, आणि आपणांस चित्र केवढें करावयाचें आहे. फोनच हातांत असेल तर घोळक्याच्या चित्रावर थांबूं नये. वडील मंडळींना एकेकटें, उजेडांत, जवळ बसवून चौकट भरेल असें एक चित्र घ्यावें. त्यास दोन मिनिटें लागतात. आणि कोणाच्या माळ्यावर जुन्या कांचेच्या प्लेटा असतील तर त्या अडगळ म्हणून टाकूं नयेत. त्यांत आपल्या आजोबा-पणजोबांचे चेहरे अजून पुरे सहा मिलिमीटर रुंद आहेत.